बिकिनीचे नारळ आणि 'सुरक्षित' या शब्दाची मुदत

नवी मुंबईत 'पुनर्वसन' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सिडको आली, ९५ गावांची जमीन संपादित झाली, मग प्रकल्पग्रस्ताचे दाखले, मोर्चे, साडेबारा टक्के. हा इतिहास इथल्या घराघरांत माहीत आहे. पुनर्वसनाचं आपल्या डोक्यातलं चित्रही त्यातूनच तयार झालंय. माणसं आपली जागा सोडतात आणि मग प्रश्न असतो तो घराचा, पाण्याचा, रोजगाराचा, मोबदल्याचा.

माझ्या पीएचडीचा विषय आहे पुनर्वसनाच्या करारांत दिल्या जाणाऱ्या दीर्घ मुदतीच्या हमी. त्यासाठी वाचताना एक प्रकरण सतत समोर येतं, ज्यात हे चित्र उलटं होतं. लोक आपल्याच जुन्या गावी परत जातात. घरं नवी बांधलेली असतात, झाडं नव्यानं लावलेली असतात. फक्त त्या झाडांचं फळ खायचं की नाही, हे बघून ठरवता येत नाही. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही, चव नाही. मग तिथं राहणं सुरक्षित आहे असं कुणी सांगायचं, कशाच्या आधारावर, आणि ते म्हणणं किती वर्षं खरं राहणार? आजची पोस्ट याबद्दल आहे. ठिकाण आहे पॅसिफिक महासागरातली मार्शल बेटं.

तात्पुरतं जा

मार्शल बेटं म्हणजे आपल्या लक्षद्वीपसारखी कंकणद्वीपं. प्रवाळाची सखल बेटं बांगडीसारखी गोल मांडलेली आणि मध्ये शांत पाण्याचं लगून. दुसऱ्या महायुद्धात ही बेटं जपानकडून अमेरिकेच्या ताब्यात आली. १० फेब्रुवारी १९४६ ला, रविवारची प्रार्थना झाल्यावर, अमेरिकी नौदलाचे अधिकारी बेन वायट यांनी बिकिनीच्या लोकांना विचारलं, की मानवजातीच्या भल्यासाठी तुम्ही तात्पुरतं बेट सोडाल का? पुढच्याच महिन्यात १६७ लोकांना रोंगेरिक नावाच्या निर्जन कंकणद्वीपावर नेण्यात आलं. तिथं अन्न पुरेना, लोक उपासमारीच्या टोकाला पोचले. १९४८ मध्ये त्यांना तिथून हलवलं आणि वर्षअखेरीस किली नावाच्या एकट्या बेटावर वसवलं. किलीला लगूनच नाही. वर्षातले कित्येक महिने खवळलेल्या समुद्रात होडी घालता येत नाही. मासेमारीवर जगणाऱ्या माणसांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही बेटं विश्वस्त म्हणून अमेरिकेकडे सोपवली. त्या करारात रहिवाशांच्या आरोग्याचं रक्षण आणि त्यांच्या जमिनी व संसाधनं गमावली जाणार नाहीत याची काळजी, ही विश्वस्ताची जबाबदारी म्हणून लिहिलेली होती. म्हणजे पहिली हमी ही. त्याच विश्वस्तानं १९४६ ते १९५८ या काळात तिथं ६७ अणुचाचण्या केल्या, बहुतेक सगळ्या बिकिनी आणि एनेवेटाक इथं.

सगळ्यात मोठी चाचणी १ मार्च १९५४ ची, 'ब्राव्हो' नावाची. तिची शक्ती १५ मेगाटन भरली, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजार पट आणि अपेक्षेच्या दुपटीहून अधिक. बिकिनीच्या पूर्वेला दीडशे किलोमीटरहून जास्त अंतरावर असलेल्या रोंगेलॅपवर प्रवाळाची पांढरी राख पडली. लोकांना काही सांगितलेलं नव्हतं. मुलं त्या राखेत खेळली. सुमारे दोन दिवसांनी त्यांना तिथून हलवलं गेलं. तोवर उलट्या, त्वचेवर भाजल्याचे चट्टे, केस गळणं सुरू झालेलं होतं.

मुंबईत याची नोंद कशी झाली

ही फार लांबची गोष्ट वाटेल, पण तेव्हा आपल्याकडे ती तशी वाटली नव्हती. ब्राव्होनंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ ला, पंतप्रधान नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. पुढं भारत सरकारनं अणुस्फोटांच्या परिणामांवर एक अभ्यास करून घेतला. तो १९५६ मध्ये पुस्तकरूपानं आला, नेहरूंच्या प्रस्तावनेसह. मुख्य काम डॉ. दौलतसिंग कोठारींचं होतं, आणि त्यांना मदत करणाऱ्यांत होमी भाभा आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. खानोलकर म्हणजे भारतातल्या विकृतिशास्त्राचे आद्य पुरुष. मुंबईतल्या ज्या कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते, त्याचाच वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालू आहे.

हे सांगायचं कारण एवढंच, की किरणोत्सर्गी राख अन्नातून शरीरात जाते आणि तिचे परिणाम उशिरा दिसतात, ही चिंता १९५० च्या दशकात उघडपणे मांडली जात होती. 'तेव्हा कुणाला काहीच माहीत नव्हतं' हा युक्तिवाद पुढं वारंवार येतो. तो तपासून घ्यायला हवा.

पहिलं परतणं: रोंगेलॅप, १९५७

रोंगेलॅपच्या लोकांना तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, परत नेलं गेलं. बेटावर थोडा किरणोत्सर्ग शिल्लक आहे, पण राहायला हरकत नाही, असं अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचं म्हणणं होतं. दरवर्षी डॉक्टरांचं पथक यायचं, तपासायचं, रक्त-लघवीचे नमुने घेऊन जायचं.

इथं एक फरक लक्षात घेऊ. तपासणी होत होती, म्हणजे देखरेख होती. पण तपासणीत काय निघालं तर काय करायचं, हे कुठं ठरलेलं नव्हतं. परतल्यावर लोकांच्या शरीरातलं सीझिअम आणि स्ट्रॉन्शिअम अनेक पटींनी वाढलं, त्याच्या नोंदी झाल्या आणि लोक तिथंच राहिले. १९६३ पासून थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या. ब्राव्होच्या वेळी दहा वर्षांखालची जी मुलं रोंगेलॅपवर होती, त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढं हा त्रास झाला. नुसतं मोजणं आणि संरक्षण देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रोंगेलॅपइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

अमेरिकेनं १९७८ मध्ये उत्तरेकडच्या बेटांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८२ मध्ये एका पुस्तिकेत आले, इंग्रजी आणि मार्शलीज अशा दोन्ही भाषांत. आपल्या कंकणद्वीपाच्या काही बेटांवर बिकिनीइतकंच प्रदूषण आहे, हे रोंगेलॅपच्या लोकांनी आपल्या भाषेत वाचलं. त्यांचे लोकप्रतिनिधी जेटन अन्जैन यांनी स्थलांतरासाठी मदत मागितली, पण अमेरिकेकडून ती मिळाली नाही. शेवटी मे १९८५ मध्ये ग्रीनपीसच्या 'रेनबो वॉरिअर' जहाजानं ३०० हून अधिक लोकांना, सुट्या केलेल्या घरांच्या सामानासकट, मेजाट्टो बेटावर नेलं. दोन महिन्यांनी ऑकलंडच्या बंदरात फ्रेंच हेरांनी ज्यावर स्फोट घडवला, ते हेच जहाज.

दिवसाला एक नारळ

आता बिकिनीकडे येऊ. ऑगस्ट १९६८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जाहीर केलं, की बिकिनी आता सुरक्षित आहे, लोक परत जाऊ शकतात. साफसफाई झाली, हजारो नारळाची रोपं लावली, घरं बांधली. किलीवरच्या समाजानं एकत्रितपणे परतायचं नाही असं ठरवलं, पण १९७२ पासून काही कुटुंबं गेली.

चूक कुठं होती? सुरक्षिततेचं गणित लोकांच्या आहाराच्या अंदाजावर आधारलेलं होतं आणि त्यात नारळाचा वाटा फारच कमी धरलेला होता. कोकणातल्या कुणालाही विचारा, रोजच्या जेवणात नारळ किती लागतो. आता त्यात शहाळ्याचं पाणी हेच प्यायचं पाणी आणि खोबरं हे पोटभरीचं अन्न अशी भर घाला. बिकिनीच्या माणसाचा आहार असा असतो. त्याच्या जोडीला नीरफणस, आपल्या केवड्याच्या जातीचं पँडानस हे फळ आणि नारळ-खेकडा.

हे अन्नच सगळ्यात जास्त दूषित होतं. १९७५ पासून तपासण्यांचे आकडे बिघडू लागले. काही विहिरींचं पाणी पिऊ नका, पँडानस आणि नीरफणस खाऊ नका, अशा सूचना आल्या. मग आली ती दिवसाला एकच नारळ खायची मर्यादा. एका वर्षात लोकांच्या शरीरातलं सीझिअम सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचं १९७८ मध्ये दिसलं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये १३९ लोकांना पुन्हा बेटावरून हलवण्यात आलं. तेव्हापासून आजवर बिकिनीवर कायमची वस्ती झालेली नाही.

पोटॅशचा उपाय

सीझिअम-१३७ रासायनिकदृष्ट्या पोटॅशिअमचं भावंडं आहे. चिकणमातीच्या जमिनीत ते मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, झाडाला फारसं मिळत नाही. प्रवाळाच्या वाळूत मात्र चिकणमाती जवळजवळ नाही आणि पोटॅशिअमही कमी. भुकेलं झाड मग पोटॅशिअमच्या जागी सीझिअम उचलतं. बेटावर बाहेर फिरताना लागणारा किरणोत्सर्ग तुलनेनं कमी. धोका मुख्यतः जेवणाच्या ताटातून.

यावर कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं बिकिनीवर प्रयोग केले. उपाय आपल्या शेतकऱ्याला लगेच समजेल असा आहे: पोटॅश घाला. आपण उसाला किंवा केळीला देतो तेच पोटॅशचं खत नारळाला दिल्यावर फळातलं सीझिअम पूर्वीच्या काही टक्क्यांवर आलं. घरांभोवतीची वरची माती खरवडून काढायची, तिथं प्रवाळाची खडी पसरायची आणि बागेत पोटॅश द्यायचं, अशी जोडयोजना तयार झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी १९९८ च्या अहवालात साधारण हेच सांगितलं. सगळं अन्न स्थानिक असेल तर वर्षाला सुमारे १५ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा संभवते (जगात सरासरी माणसाला निसर्गतः मिळते ती सुमारे २.४), म्हणून उपाययोजनेशिवाय कायमची वस्ती करू नये. पोटॅशचा मार्ग वापरला तर वस्ती शक्य आहे.

विज्ञान म्हणून हे समाधानकारक आहे. पण पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्याला इथं पुढचा प्रश्न दिसतो. पोटॅश एकदा घालून भागत नाही. त्याचा परिणाम टिकतो तो काही वर्षं. म्हणजे सुरक्षितता ही बेटाची मिळकत झाली नाही. ती खत आणणाऱ्या जहाजावर, त्याचे पैसे देणाऱ्या निधीवर, फळं तपासणाऱ्या यंत्रावर आणि ते चालवणाऱ्या माणसावर अवलंबून राहिली. यातलं एक जरी थांबलं, तरी नारळ दिसायला तसाच राहणार आणि आत बदलत जाणार.

लोकांनी ठरवलेला आकडा

रोंगेलॅपच्या लोकांनी हा धडा घेतला. १९९२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ऊर्जा आणि अंतर्गत व्यवहार खात्यांशी आणि मार्शल बेटांच्या सरकारशी एक सामंजस्य करार केला. त्यात परतण्याची अट आकड्यात लिहिली: केवळ स्थानिक अन्न खाणाऱ्या माणसालाही नैसर्गिक पातळीपेक्षा वर्षाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये. शिवाय प्लुटोनिअमसारख्या मूलद्रव्यांसाठी वेगळी मर्यादा. मला हा करार महत्त्वाचा वाटतो तो दोन कारणांनी. मोजमापासाठी 'सरासरी' माणूस घेतलेला नाही, बेटाच्या अन्नावर जगणारा माणूस घेतलाय. आणि 'सुरक्षित' म्हणजे किती, हे परतणाऱ्यांनी सह्या करण्याआधी ठरवलंय.

पुढं १९९६ मध्ये पुनर्वसनासाठी साडेचार कोटी डॉलर मंजूर झाले, घरं झाली, १९९९ मध्ये माणसाच्या शरीरातलं सीझिअम मोजणारं यंत्र बेटावरच बसलं. तरीही कायमचे परतलेले लोक थोडेच. दोनदा फसवणुकीचा अनुभव घेतलेल्या समाजाला तिसऱ्यांदा आकडा पटवणं सोपं नसतं, आणि एवढ्या वर्षांत मुलं-नातवंडं दुसरीकडे वाढलेली असतात.

एनेवेटाकची गोष्ट अजून वेगळी. तिथले लोक १९८० मध्ये परतले, पण फक्त दक्षिणेकडच्या बेटांवर. उत्तरेकडच्या एन्जेबीचे मूळ रहिवासी आजही दुसऱ्यांच्या बेटांवर राहतात. अमेरिका बाहेरून अन्न पुरवण्यासाठी पैसे देते. रुनिट बेटावर, १९५८ च्या एका स्फोटाच्या खड्ड्यात दूषित माती भरून वर काँक्रीटचा घुमट बांधलाय. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही. आत प्लुटोनिअम-२३९ आहे, ज्याचं अर्धायुष्य २४ हजार वर्षांचं.

पंधरा वर्षं आणि तीस वर्षं

अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ. सीझिअम-१३७ साठी तो सुमारे ३० वर्षं. म्हणजे ब्राव्होच्या राखेतल्या सीझिअमचा साधारण पाचवा भाग ७० वर्षांनीही शिल्लक राहतो.

आता पैशाची मुदत बघा. मार्शल बेटं आणि अमेरिका यांच्यात १९८६ मध्ये लागू झालेल्या करारात नुकसानभरपाईसाठी १५ कोटी डॉलरचा निधी होता. त्याच्या उत्पन्नातून १५ वर्षांत २७ कोटी डॉलर मिळतील, असा हिशेब होता. धोक्याचं अर्धायुष्य ३० वर्षं आणि हमीचं पूर्ण आयुष्य १५. हे गणित कागदावरच जुळत नव्हतं.

त्या निधीतून चालणाऱ्या दावे न्यायाधिकरणानं २००१ मध्ये बिकिनीला ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. द्यायला पैसे नव्हते. प्रत्यक्षात अर्धा टक्काही मिळाला नाही. 'परिस्थिती बदलली तर' अमेरिकी काँग्रेसकडे अर्ज करता येईल, असं कलम करारात होतं. तसा अर्ज सप्टेंबर २००० मध्ये गेला. पण काँग्रेसवर काही देण्याचं बंधन नव्हतं, आणि तिनं त्यावर भरपाई दिली नाही. खटले झाले, २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अपील ऐकायला नकार दिला.

बिकिनीचा वेगळा पुनर्वसन निधी होता, ज्यावर अमेरिकी अंतर्गत व्यवहार खात्याची देखरेख असे. तो आपला पैसा आहे, निर्णय आपला असावा, ही स्थानिक परिषदेची मागणी होती, आणि ती रास्तच होती. २०१७ मध्ये खात्यानं देखरेख सोडली, तेव्हा निधीत सुमारे ५ कोटी ९० लाख डॉलर होते. २०२३ च्या सुरुवातीला जेमतेम लाखभर डॉलर उरले. परकी देखरेख गेली आणि तिच्या जागी लोकांना उत्तरदायी असलेली दुसरी कुठलीच व्यवस्था आली नाही. स्वायत्तता की कुलूप, असा हा प्रश्न मांडला जातो. मला वाटतं दोन्ही हवं होतं, फक्त कुलपाची किल्ली समाजाच्या सभेकडे असायला हवी होती.

साडेबारा टक्क्यांशी तुलना

ही तुलना जपून करायला हवी. आपल्या खाडीकाठी जमीन दूषित झाली म्हणून कुणाला उठवलेलं नाही. पण करार कसे टिकतात, याबद्दल नवी मुंबईचा इतिहास काही सांगतो. १९७० च्या दशकात जमिनीचा मोबदला एकरकमी रोख ठरला होता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यानंतर काही वर्षांनी विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के वाटा मिळू लागला. म्हणजे पहिला करार अपुरा होता, तो पुन्हा उघडला गेला आणि मोबदला शहराच्या वाढीशी जोडला गेला. त्या योजनेच्या अंमलबजावणीवर आजही भांडणं आहेत, पण भांडायला विधानसभा आहे, मत आहे, रस्ता आहे.

बिकिनीच्या लोकांना हेच नव्हतं. त्यांच्या सुरक्षिततेचा निर्णय घेणाऱ्यांना त्यांची मतं लागत नव्हती. मार्शल बेटांच्या सरकारनं पुन्हा वाटाघाटी करून २०२३ मध्ये नवा करार केला, त्यात ७० कोटी डॉलरचा निधी आहे आणि चाचण्यांच्या परिणामांसाठीही तो वापरता येणार आहे. १९८६ नंतर इतका मोठा बदल व्हायला जवळपास चार दशकं गेली.

माझ्या वाचनातून निघालेला मुद्दा आता सरळ मांडतो. दूषित जमिनीवर परतणाऱ्या समाजाशी करार करताना पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. एक, सुरक्षिततेचा आकडा, आणि तो परतणाऱ्यांच्या खऱ्या आहारावर काढलेला. दोन, मातीसोबत माणसांच्या शरीराचं मोजमाप, ज्याचे निकाल त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या हातात. तीन, आकडा ओलांडला गेला तर काय करायचं हे आधीच ठरलेलं, त्यात परत निघून जाण्याचा खर्चही आला. चार, धोक्याच्या मुदतीइतका टिकणारा निधी आणि त्यावर समाजाची देखरेख. पाच, करार पुन्हा उघडण्याचा असा हक्क, जो दुसऱ्या पक्षाला धुडकावता येणार नाही.

रोंगेलॅपला १९५७ मध्ये यातलं दुसरं अर्धवट मिळालं, १९९२ मध्ये पहिलं आणि पुढं दुसरं. पाचही एकत्र कुणालाच मिळालेले नाहीत. फुकुशिमाच्या आसपासच्या गावांत लोक परतू लागलेत, तिथंही हेच प्रश्न आहेत. त्यामुळं इथून पुढं कुठल्याही जागेबद्दल 'आता सुरक्षित आहे' असं वाचलंत, तर आकडा विचाराच, पण त्याबरोबर हेही विचारा: कधीपर्यंत, आणि तोवर खर्च कोण करणार?

पुढच्या पोस्टमध्ये रुनिटच्या घुमटाबद्दल सविस्तर लिहीन. काही विचारायचं असेल तर खाली नक्की लिहा.